रविवारचा जोडीदार

रविवारी सकाळी चहाच्या वेळेला फोन वाजला की डॉ. लुंबिनी सोनकांबळे हातातलं काम तिथंच सोडायची. गोठ्यात एखादी गाय वीत असली तर फोन कान आणि खांद्याच्या मधे दाबून धरायची, पण उचलायची म्हणजे उचलायचीच.

"बोल जोडीदार," तिकडून शिवम म्हणायचा.

"बोलते की. दम धर जरा, वासरू आडवं आलंय," ही म्हणायची, आणि मग जी सुरू व्हायची ती आपली तासभर. नवऱ्याशी ती आठवडाभरात एवढं बोलत नसेल. संघपाल, तिचा नवरा, नांदेडच्या एका कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायचा. तो हे तिला तोंडावर ऐकवायचा, आणि ऐकवून झाल्यावर स्वतःच हसायचा. भला माणूस.

आता हा शिवम कोण, तर एका दूध कंपनीचा नांदेड विभागाचा मोठा मॅनेजर. आणि लुंबिनी कोण, तर सरकारची जनावरांची डॉक्टर. लातूर जिल्ह्यात, देवणीपासून आत माळावर, एक सरकारी पैदास केंद्र होतं, त्याची ती प्रमुख. देवणी हे गावाचं नाव आणि तिथल्या गाईबैलांच्या जातीचंही. जातिवंत वळू सांभाळायचे, शुद्ध वाण टिकवायचा, भोवतालच्या गावांना त्याची पैदास पुरवायची, एवढंच त्या केंद्राचं काम. तिचा रस्ता देवणीच्या माळावर, त्याचा नांदेडच्या काचेच्या हापिसात. हे दोघं एकमेकांना भेटायचं काही कारण नव्हतं. पण भेटवले गेले.

भेटवलं ते 'सहप्रवास' नावाच्या शिबिरानं. नेतृत्व घडवायचं शिबिर! नांदेडजवळ विष्णुपुरीला, धरणाचं पाणी दिसेल अशा एका रिसॉर्टवर ते भरायचं. निम्मे लोक सरकारी खात्यांतले होतकरू, निम्मे खाजगी कंपन्यांतले, तोंडी लावायला एखादा पत्रकार, एखादा संस्थाचालक. लुंबिनीला वरून आदेश आला तेव्हा तिला वाटलं, भाषणं ऐकायची, पुरी-भाजी खायची, प्रमाणपत्र घेऊन माघारी यायचं. तसलं काही नव्हतं. खुर्च्या गोल मांडलेल्या. 'साहेब', 'मॅडम' म्हणायला बंदी. सगळ्यांनी सगळ्यांना नावानं हाक मारायची. लातूरच्या तिच्या बड्या साहेबांना 'विवेक' म्हणताना पहिल्या दिवशी तिची जीभ टाळूला चिकटली. निघायच्या दिवशी ती त्यांच्या ताटात भाकरी वाढत म्हणत होती, "घे रे विवेक, लाजतो काय!" भिंतीवर ठसठशीत अक्षरांत लिहिलेलं: 'ज्याच्या मागं माणसं भीतीनं नाही, विश्वासानं चालतात, तो नेता.'

गोलात एकेकानं उठायचं आणि आपली दुखरी जागा सांगायची, असा तिथला रिवाज. पहिल्यांदा कुणी उठेना. मोठमोठे अधिकारी बुटाची टोकं बघत बसले. मग लुंबिनी उठली.

तिचं काय होतं, तिचे वडील आनंदराज पोस्टात होते आणि पक्के विहाराचे. लुंबिनी एवढीशी होती तेव्हापासून, वंदना झाली की ते तिला पुढं करायचे. "बोल. पोटात ठेवू नको. जो उभं राहून बोलतो त्याचंच जग ऐकतं." झालेल्या चुका, शाळेतलं भांडण, मास्तरानं मागं बसवलं ते, सगळं ती उभं राहून बोलायची, आणि बायका पदर तोंडाला लावून कौतुकानं ऐकायच्या. उभं राहून खरं बोललं की माणसं आपल्या बाजूची होतात, हे तिनं आईच्या दुधाबरोबर घेतलं होतं. ती त्या गोलात उठली आणि बोलली. केंद्रात दुसरा डॉक्टर नाही, चाऱ्याचं टेंडर दर साली अडतं, ओढ्याकडच्या गोठ्यात पावसाळ्यात गुडघाभर चिखल होतो, आणि आपल्याला भीती वाटते की ही जात आपल्याच हातात संपेल. बोलता बोलता रडली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. एका बँकेच्या माणसानं तर येऊन मिठीच मारली.

शेवटच्या दिवशी जोड्या लावल्या. एक सरकारी, एक खाजगी. वर्षभर दर रविवारी फोनवर बोलायचं, आणि नियम एकच: जोडीदारापासून काही लपवायचं नाही. लुंबिनीच्या वाट्याला शिवम आला. वर्ष सरलं, नियम संपला, फोन मात्र चालूच राहिला.

शिवम माणूस वाईट असता तर सगळी गोष्ट सोपी झाली असती. पण तो वाईट नव्हता हो! आनंदराजांना छातीचं दुखणं झालं आणि त्यांना नांदेडला हलवलं तेव्हा दवाखान्यात खाट मिळेना. संघपाल ह्या खिडकीवरून त्या खिडकीवर नुसता भिरभिरत होता. शिवमनं एक फोन लावला. 'सहप्रवास'मधलाच कुणी डॉक्टर होता; खाट मिळाली. नंतर शिवम घरचा डबा घेऊन आला आणि आनंदराजांच्या पायाशी बसून त्यांना पेपर वाचून दाखवत राहिला. म्हातारा घरी आल्यावर लेकीला म्हणाला, "लुंबे, हा पोरगा जपून ठेव. असा माणूस पैशानं मिळत न्हाई."

तिनं जपला. दर रविवारी तिनं त्याला सगळं सांगितलं. मलप्पा आता निवृत्तीला आलाय आणि त्याच्यामागं जनावरं सांभाळणारा कुणी नाही. वरच्या माळाच्या जमिनीवर कुणाकुणाचा डोळा आहे. कुठल्या गाई भाकड झाल्यात आणि तिनं त्या कागदावर धडधाकट दाखवल्यात, कारण लिलावात गेल्या तर कुठं जातील हे तिला माहीत होतं. घरातलं गाऱ्हाणं घरच्या माणसाला सांगावं तसं सांगितलं. त्यात चूक आहे हे तिच्या मनाला शिवलंसुद्धा नाही.

आणि केंद्र म्हणजे तरी काय होतं? लांबलचक कौलारू गोठे, एक कडुलिंब, एक हौद, आणि ती जनावरं. पांढरीशुभ्र अंगं, कुणाच्या तोंडावर काळं, कुणाच्या अंगावर काळे ठिपके. सगळ्यांचा म्होरक्या जमादार नावाचा वळू. अंग दुधासारखं, तोंडाच्या दोन्ही बाजू काळ्याभोर, आणि चाल अशी की गावात दौऱ्यावर आलेला फौजदारच. बाटलीनं दूध पाजून लुंबिनीनं वाढवलेला, कारण त्याची आई त्याला जन्म देऊन गेली. मलप्पा हा केंद्रातला जुना माणूस, मूळचा पलीकडचा, कर्नाटकातला. तो जनावरांना कानडीत हाक मारायचा, "बा... बा...", म्हणजे ये, ये. लुंबिनीनं तीच हाक उचलली. संध्याकाळी तिनं फाटकाशी उभं राहून "बा" म्हटलं की आधी जमादार वळायचा, आणि जमादार वळला की अख्खा कळप वळायचा.

तर असं सगळं चाललेलं असताना लातूरहून बैठकीचं बोलावणं आलं.

लुंबिनी गेली. बैठकीच्या खोलीत शिरली आणि तिला पहिल्यांदा बरंच वाटलं, कारण सगळे ओळखीचेच! विवेक साहेब खुर्चीत. शेजारी बँकेचा तो मिठीवाला. पलीकडं जमीनमोजणी खात्यातली एक बाई, ती शिबिराच्या दुसऱ्या तुकडीची. सल्लागार कंपनीचा एक टक्कलवाला, तो तर शिबिरात त्यांना योगासनं शिकवायचा. आणि समोर शिवम. तो तिला बघून हसला. कुणी कुणाला साहेब म्हणत नव्हतं. चहा आला, "लुंबिनी, साखर कमी ना?" असं विवेक साहेबांनी स्वतः विचारलं.

मग शिवम उठला आणि पडद्यावर चित्रं दाखवायला लागला. केंद्राची भागीदारी करायची. सरकारची जनावरं, कंपनीचं व्यवस्थापन. कळप हलवायचा नांदेड जिल्ह्यात, किनवटकडं, इस्लापूरच्या बाजूला, तिथं कंपनीचं नवं आवार आहे, पाणी मुबलक आहे. दूध वाढावं म्हणून परदेशी वाणाशी संकर करायचा. अनुत्पादक जनावरं काढून टाकायची. माळावरच्या जमिनीचं काय करायचं ते नंतर बघू.

"आणि हे का करायचं?" शिवम म्हणाला. "कारण आजची परिस्थिती अशी आहे, की केंद्रात दुसरा डॉक्टर नाही. चाऱ्याचं टेंडर दर साली अडतं. ओढ्याकडच्या गोठ्यात पावसाळ्यात गुडघाभर चिखल होतो."

लुंबिनीच्या हातातला कप तसाच राहिला. तिचंच वाक्य! जसंच्या तसं! 'गुडघाभर' सुद्धा तिचा. मग मलप्पाची निवृत्ती आली. मग भाकड गाई आल्या. त्यानं कुणाचं नाव घेतलं नाही, 'काही जनावरांच्या नोंदी प्रत्यक्षाशी जुळत नाहीत' एवढंच म्हणाला, आणि तिच्याकडं बघितलं नाही. सगळ्यांनी माना हलवल्या. तिला तेव्हा लख्ख दिसलं. विष्णुपुरीच्या त्या गोल खुर्च्याच उचलून कुणीतरी ह्या लांब टेबलाला लावल्या होत्या. इथं ठरायचं काही शिल्लकच नव्हतं. ते धरणाच्या काठी, भाकरी वाढता वाढता, केव्हाच ठरलं होतं. की नव्हतं ठरलं? की ती आपली उगीच...?

"लुंबिनी, तुझं मत?" साहेबांनी विचारलं.

ती उभी राहिली. वडिलांनी शिकवलेलं ते एकच तिला येत होतं. "ही जात ह्या माळाची आहे. कोरड्या हवेची. तिकडं किनवटच्या बाजूला पाऊस किती, ओल किती! खुरं सडतील त्यांची. आणि संकर सुरू केला की हा वाण गेला म्हणून समजा. परत आणता येणार नाही. जगात दुसरीकडं कुठं नाही हो हा. चिखल होतो तर मला चार ट्रक मुरूम द्या. डॉक्टर नाही तर डॉक्टर द्या. मी चिखलाचं सांगितलं ते मुरूम मिळावा म्हणून सांगितलं, केंद्र न्या म्हणून नाही सांगितलं!"

आवाज चढला होता. कुणी रागावलं नाही. रागावले असते तर बरं झालं असतं. सल्लागार टक्कलवाला मऊ आवाजात म्हणाला, "लुंबिनीचं जिवापाड प्रेम आहे जनावरांवर. आपण सगळ्यांनी ऐकलंय तिला. बदलाची भीती वाटणं हे अगदी स्वाभाविक आहे." आणि सगळ्यांनी तिच्याकडं अशा मायेनं बघितलं, की तिला ओरडावंसं वाटलं.

बाहेर जिन्यात तिनं शिवमला गाठलं.

"माझे शब्द होते ते."

"हो मग," तो म्हणाला. खरंच त्याला काही कळत नव्हतं. "तुझ्याच अडचणी सोडवून राहिलो ना मी. दोन वर्षं तू रडतेस, आणि मी नुसतं ऐकू? मित्र म्हणून मला लाज वाटायची. मी आमच्या वरच्या लोकांच्या किती मागं लागलो, माहितीय?"

"आणि भाकड गाईंचं?"

तो जरा घुटमळला. "ते निघालंच असतं गं तपासणीत. मी तुझं नाव घेतलं नाही, बघितलंस ना? कुणी घेणारही नाही. विवेकशी बोललोय मी."

म्हणजे विवेक साहेबांशीही बोलून झालं होतं! तिचं मानगूट असं अलगद धरलं होतं, की धरणाऱ्यालाही ते धरलंय हे कळत नव्हतं. ती जिन्यातच खाली बसली. शिवमनं पाण्याची बाटली पुढं केली. तिनं ती घेतली, कारण घशाला कोरड पडली होती.

ती गप्प बसली असं नाही. तिनं विरोधाचं पत्र दिलं. 'आपल्या अभिप्रायाची नोंद घेतली आहे' असं उत्तर आलं. मग ती नांदेडला मुज्तबाकडं गेली. मुज्तबा तिचा शाळेपासूनचा दोस्त, एका छोट्या दैनिकाचा संपादक, आणि वेळ पडली तर मंत्र्याचा मुलाहिजा न ठेवणारा. त्याची बायको सालेहा हिनं तिच्यापुढं खिचडी-खट्टा ठेवला. लुंबिनी जेवता जेवता सगळं बोलली.

"हे सगळे एकमेकांचे आहेत मुज्तबा. सरकारातले आणि कंपनीतले. शिबिरात मैत्री करून देतात आणि मग त्या मैत्रीवर कारभार चालतो. जमीनमोजणीपासून बँकेपर्यंत. तू छाप."

मुज्तबानं हात धुतले. बराच वेळ रुमालानं पुसत राहिला. "काय छापू लुंबिनी? कुणी पैसे खाल्ले?"

"मला नाही वाटत."

"कुणी धमकी दिली?"

"नाही."

"टेंडर-बिंडर चुकीचं?"

"कागद सगळे बरोबर आहेत."

"मग बातमी काय होईल? की चार चांगली माणसं एकमेकांना ओळखतात? हे तर कुणी गुन्हा म्हणणार नाही. मला शक आहे, तुला शक आहे, पण शकाची बातमी होत नाही बाई." मग तो ओशाळून म्हणाला, "आणि खरं सांगू? गेल्या साली मी पण गेलो होतो. सहप्रवासला. माझा जोडीदार साखर कारखान्याचा. त्याच्या विरोधात एक बातमी होती माझ्याकडं. मी दाबली नाही, खुदा कसम. फक्त... आधी त्याला फोन केला. त्यानं इतकं नीट समजावून सांगितलं, की मग लिहावंसंच वाटेना."

सालेहा स्वयंपाकघरातून म्हणाली, "ह्यांना मी तेव्हाच म्हटलं होतं, जाऊ नका."

तिथून ती घरी गेली. संघपाल दारातच उभा होता आणि चेहरा असा फुललेला, की तिनं चप्पल काढायच्या आधीच ओळखलं.

"निवड झाली," तो म्हणाला. "पुढच्या तुकडीत. शिवमनं शिफारस केली होती म्हणे. लुंबिनी, आपल्या कॉलेजातून मी पहिला! आपल्या वस्तीतून तर सोडच. बाबांना कळवलं, रडले गं ते."

काय म्हणणार होती ती? ज्याच्या आज्याला गावच्या चावडीची पायरी चढू दिली नव्हती, त्या माणसाला आज बड्या साहेबांच्या गोलात खुर्ची मिळत होती. 'जाऊ नको' हे शब्द तिच्या ओठांपर्यंत आले, आणि त्याचं तोंड बघून गिळले गेले. "छान झालं," ती म्हणाली आणि न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडली.

माळावर परतल्यावर तिनं मलप्पाला सगळं सांगितलं. तो वैरण तोडत ऐकत होता.

"मलप्पा, हा सगळा कट आहे का रे? की मलाच तसं वाटतंय?"

"कट कशाचा, बाई," तो म्हणाला. "कट असला तर फोडता येतंय. ही सोयरीक हाय. सोयऱ्याधायऱ्यात काय ठरलं ते बाहेरच्याला कसं कळावं? आन् तुमी तर बाहेरच्या बी न्हाई. तुमी बी सोयऱ्याच की." त्याला टोमणा मारायचा नव्हता, पण तिला तो बसला. त्यानंतरच्या रविवारी फोन वाजला तेव्हा तिनं उचलला नाही. पुन्हा वाजला. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा तिला आठवलं, बाबांची पुढची तपासणी त्याच डॉक्टरकडं आहे. तिनं उचलला.

"बोल जोडीदार," तो म्हणाला. "रागावलीस ना? हक्क आहे तुझा."

आणि मग यायचा तो दिवस आला. सकाळीच ट्रक आले, मागं फळ्या लावलेले, चांगले नवे. कंपनीची माणसं आली, शर्टावर चिन्ह असलेली. शिवम आला. विवेक साहेब आले, बँकवाला आला, फोटो काढणारा आला. मलप्पा कडुलिंबाखाली सगळ्यांकडं पाठ करून बसला होता.

"मलप्पा, उठ, मदत कर," साहेबांनी हाक मारली.

"माझ्यानं व्हायचं न्हाई साहेब. मारलं तरी व्हायचं न्हाई." तो वळलासुद्धा नाही.

जनावरं चढेनात. जमादारनं फळीवर एक खूर ठेवला, ती हलली, आणि तो जो मागं सरला तो काही केल्या पुढं येईना. तो थांबला की मागं सगळा कळप थांबला. कंपनीच्या पोरांनी आधी चुचकारलं, मग हाकललं, मग काठ्या काढल्या. एकानं शेपटी पिरगाळली. ठिपक्यांची गाभण गाय फळीवरून घसरली, तिचा गुडघा फुटला, रक्त आलं. तिच्या हंबरण्यानं सगळा गोठा हंबरायला लागला. एका पोरानं जमादारच्या नाकाडावर काठी हाणली. त्यानं नुसती मान झाडली आणि फाटकाकडं बघितलं, जिथं संध्याकाळी लुंबिनी उभी असते.

ती तिथंच होती. तिनं ठरवलं होतं, आपण हलायचं नाही. नेतात तर नेऊ देत, आपला हात लावायचा नाही. एवढं एकच तिच्या हातात उरलं होतं, ते तरी सोडायचं नाही.

दुसरी काठी पडली. जमादारच्या काळ्या गालफडावरून लाल ओघळ आला.

"थांबव रे ते!" ती शिवमवर किंचाळली.

शिवमचा चेहरा पांढरा पडला होता. त्यालाही ते बघवत नव्हतं. "लुंबिनी, काहीतरी कर तू. जाणार तर ते आहेतच. आज नाही तर उद्या. तुझं ऐकतात. उगीच मार खाऊन जाण्यापेक्षा..." आणि खोटं काय होतं त्यात? काहीच नाही. हेच तर होतं ना ह्या लोकांचं. त्यांचं काही खोटंच नसायचं!

लुंबिनी कडुलिंबापाशी गेली. "मलप्पा, गूळ दे."

मलप्पानं तिच्याकडं बघितलं नाही. धोतराच्या सोग्यातून गुळाचा खडा काढला आणि मागच्या मागं हात करून तिच्या हातावर ठेवला.

"काठ्या टाका," ती पोरांना म्हणाली. "लांब व्हा सगळे." मग ती स्वतः फळी चढून ट्रकमध्ये गेली, पार आत, आणि वळली. गूळ धरलेला हात पुढं केला. घसा खाकरला, डोळे पुसले.

"बा," ती म्हणाली. "बा... बा..."

जमादारचे कान उभे राहिले. त्यानं फळी हुंगली. मग एक पाय टाकला, दुसरा टाकला, आणि हलणाऱ्या फळीवरून सरळ चढून वर आला. मार विसरला, रक्त विसरला. तिच्या तळहातावरचा गूळ त्यानं खरखरीत जिभेनं उचलला आणि तळहात चाटत राहिला. त्याच्यामागं ठिपक्यांची गाय आली, लंगडत. तिच्यामागं कालवडी. ट्रक भरला की ती कठड्यावरून उतरून दुसऱ्या ट्रकमध्ये चढायची आणि "बा" म्हणायची. एकाही जनावराला काठी लावावी लागली नाही.

खाली कुणीतरी टाळी वाजवली. मग सगळ्यांनी वाजवली. "हे बघा," विवेक साहेब म्हणाले, आणि त्यांचे डोळे भरून आले होते, खोटं नाही सांगत. "हे आहे नेतृत्व. विश्वास!" फोटोवाल्यानं फोटो घेतला. खिशातला तिचा फोन थरथरायला लागला. 'सहप्रवास'च्या ग्रुपवर तो फोटो गेला होता आणि अंगठे आणि फुलं नुसती कोसळत होती. नांदेडहून संघपालचाही अंगठा होता. त्याला कालच ग्रुपात घेतलं होतं.

ती जमादारच्या ट्रककडं परत आली. मागची फळी ओढून कड्या घालायचं काम चाललं होतं. ड्रायव्हरनं इंजिन सुरू केलं. जमादार कठड्यावरून मान काढून तिलाच बघत होता, अगदी निवांत, गुळाची चव जिभेवर घोळवत. घाबरलेला अजिबात नव्हता. लुंबिनी जवळ येतेय असं बघून त्यानं मागच्या गाईला अंगानं रेटलं, स्वतःचं अंग चोरून घेतलं आणि कठड्याजवळ एका माणसापुरती जागा केली.

ती जागा तशीच मोकळी ठेवून ट्रक निघाला.